मूल उचलण्याआधी घराला हात द्या : महिला व बालविकास विभागास खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री आणि मा. सचिव,
महिला व बालविकास विभाग,
मंत्रालय, मुंबई.

विषय : बालसंगोपनाचे रखडलेले पैसे, संध्याकाळचं पाळणाघर आणि ऊसतोडीला गेलेल्या घरांमागे उरणारी मुलं यांबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी आपल्याच खात्यातून मुख्यसेविका, म्हणजे अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका, म्हणून निवृत्त झाले. मराठवाड्यातल्या ज्या तालुक्यात नोकरी केली तिथेच आता राहते. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर तिथल्या एखाद्या कर्मचाऱ्याला कारणे दाखवा नोटीस निघेल आणि विषय तिथेच संपेल. खात्याची ही रीत मी आतून पाहिली आहे. आणि माझं गाऱ्हाणं कुणा एका साहेबाबद्दल नाहीच. साधे अर्ज करून झाले, त्यांचे आवक क्रमांक माझ्याकडे आहेत. उत्तर नाही, म्हणून आता चारचौघांत लिहिते.

निमित्त एका घराचं आहे. घर ओळखू येऊ नये म्हणून एकदोन तपशील बदलते. विधवा बाई, शेतमजुरी करणारी. मुलगी अकरा वर्षांची, मुलगा चार वर्षांचा. कापूस वेचणीच्या दिवसांत आई सकाळी सातला घर सोडते ती दिवेलागणीला परत येते. अंगणवाडी दुपारीच सुटते. तिथून पुढे भावाला सांभाळायचं काम थोरलीचं, म्हणून तिची शाळा सुटली. एके दिवशी ती पाण्याला गेली असताना धाकट्याचा पाय चुलीवरून उतरवून ठेवलेल्या आधणात गेला. दवाखान्यात नोंद झाली, कुणीतरी १०९८ या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन केला. फोन करणाऱ्याचं काही चुकलं नाही, तो करायलाच हवा होता. पुढे जे झालं त्याबद्दल माझं म्हणणं आहे.

मुलं बाल कल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांना कुठे ठेवायचं ते ठरवणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, उभी केली गेली. कागदावर ‘पालकांचे दुर्लक्ष’ असं आलं. मुलगा सहा वर्षांच्या आतला, म्हणून तो एका जिल्ह्यातल्या शिशुगृहात गेला. मुलगी दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलींच्या बालगृहात. बहीणभाऊ वेगळे झाले ते कुणाच्या दुष्टपणानं नाही, इमारती वयानुसार आणि मुलगा-मुलगी बघून बांधल्यात म्हणून. आता आईनं एका लेकराला भेटायचं ठरवलं तर एक दिवसाची मजुरी जाते, दोघांना भेटायचं तर दोन दिवसांची. एसटीचं अर्धं तिकीट सरकारनं माफ केलंय, मजुरी कोण भरून देणार?

आणि याच बाईचा बालसंगोपन योजनेचा, म्हणजे मूल घरीच राहावं म्हणून घराला मिळणाऱ्या मदतीचा, अर्ज त्याआधीपासून पडून होता. कारण काय, तर नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरचं नाव आणि आधारवरचं नाव यांत एका वेलांटीचा फरक. मुलं उचलायला यंत्रणेला दोन दिवस लागले. त्या आईला मुलामागे महिन्याला सव्वादोन हजार द्यायला वर्ष पुरलं नाही.

ती बाई निष्काळजी होती का? मी ते घर पाहिलेलं आहे. कामाला निघताना ती भाकरी फडक्यात बांधून फळीवर ठेवायची. धाकट्याच्या करगोट्याला तिनं घुंगरू बांधलं होतं, तो कुठे गेला ते थोरलीला ऐकू यावं म्हणून. ज्या बाईला घुंगरू सुचतं तिला दुर्लक्ष करणारी पालक म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तिला सकाळी सात ते संध्याकाळी सात मूल ठेवायला एक खोली हवी होती आणि तिथे एक शहाणी बाई. एवढंच नव्हतं, म्हणून बाकीचं सगळं रामायण घडलं.

२०१५ चा बाल न्याय कायदा आपल्याला मी सांगावा असं नाही. त्याच्या तिसऱ्या कलमात तत्त्वं दिली आहेत. मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी त्याच्या कुटुंबाची, आणि संस्थेत ठेवणं हा शेवटचा उपाय, बाकीचे प्रयत्न करून झाल्यावरचा. आपल्याकडे शेवटचा उपाय पहिला होऊन बसलाय, कारण त्या एकाच उपायाला इमारत आहे, कर्मचारी आहेत, अनुदानाचं लेखाशीर्ष आहे. घरी जाऊन घर सावरायचं म्हटलं तर कोण जाणार, कोणत्या गाडीनं जाणार आणि प्रवासभत्ता कोण देणार, इथपासून सुरुवात.

बालगृहं बंद करा असं मी म्हणत नाही. ज्या मुलाला खरंच कुणी नाही, किंवा ज्याच्या घरातच लांडगा आहे, त्याला ते छप्पर लागतंच. पण ज्याची आई रोज सकाळी भाकरी बांधून ठेवते त्याला कशाला?

आता तक्रारी एकेक करून मांडते.

पहिली, बालसंगोपनाच्या पैशांची. ही योजना महाराष्ट्रानं बऱ्याच आधी आणली. मुलाला संस्थेत न ठेवता घरच्या किंवा नात्यातल्या माणसांकडेच ठेवायचं आणि त्या घराला मदत करायची, असा तिचा गाभा. मुळात चांगली आहे, आणि माझ्या अनुभवानं खात्याच्या सगळ्या योजनांमध्ये तिच्याइतकी शहाणी दुसरी नाही. कितीतरी वर्षं महिन्याला ४२५ रुपये मिळत. कोविडनंतर ते ११०० झाले, आणि २०२३ मध्ये क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचं नाव देऊन २२५० केले. त्याबद्दल मनापासून आभार. पण वाढीव रक्कम जाहीर होणं वेगळं आणि खात्यात पडणं वेगळं. आमच्याकडे हे पैसे कधी सहा महिन्यांनी येतात, कधी त्याहून उशिरा, आणि मग एकदम येतात. किराणा दुकानदार मात्र दर महिन्याला हिशेब मागतो. एकदम आलेली रक्कम मुलाच्या ताटात पडतच नाही. ती बचत गटाच्या थकलेल्या हप्त्यात जाते, नाहीतर सावकाराच्या व्याजात. मग पाहणी करणारे विचारतात, ‘पैसे मुलावर खर्च केले का?’ कसे करणार? मूल मागच्या सहा महिन्यांत जे जेवलं ते उधारीवर जेवलं.

केंद्राच्या मिशन वात्सल्यमधून याच कामासाठी महिन्याला ४००० रुपये मिळू शकतात. वार्षिक उत्पन्न ग्रामीण भागात ७२ हजारांच्या आत आणि शहरात ९६ हजारांच्या आत हवं. दोन योजना, दोन दर, दोन प्रकारचे कागद. कुणाला कोणती लागू हे तालुक्याच्या ठिकाणी धड सांगणारं कुणी नाही, आणि एजंट मात्र झेरॉक्सच्या दुकानाबाहेर बसलेले आहेत.

कागदांचं तर विचारूच नका. आधार, शिधापत्रिका, रहिवासी दाखला, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, मृत्यूचा दाखला, शाळेचा बोनाफाइड, पासबुक. आणि एक फोटो : राहत्या घरासमोर, मुलांना घेऊन, पोस्टकार्डाच्या आकाराचा. ही अट कुणाच्या डोक्यातून आली माहीत नाही, पण ज्या बाईला सासरच्यांनी हाकललं आणि माहेरच्यांनी ठेवून घेतलं नाही तिनं कोणत्या घरासमोर उभं राहायचं? अशा एका बाईला शेजारणीच्या दारात उभी राहून फोटो काढताना मी पाहिलंय. शेजारीण आतून लेकीची फ्रॉक घेऊन आली, फोटोत मुलगी बरी दिसावी म्हणून. फाइल मंजूर झाली. सरकारला एक चांगलं घर आणि एक चांगली फ्रॉक दिसली.

इथे एक गोष्ट बोलून टाकते. आपल्याच विभागानं जुलै २०२४ पासून ‘लाडकी बहीण’ योजना राबवली. दोन कोटींहून जास्त बायकांच्या खात्यात थेट दीड हजार रुपये जायला लागले. ते अर्ज आमच्याच अंगणवाडी सेविकांनी भरले, रात्री उशिरापर्यंत, नेटवर्क मिळावं म्हणून गच्चीवर बसून. म्हणजे मनात आणलं तर खातं काही महिन्यांत घराघरात पोहोचू शकतं. अनाथ आणि एकपालक मुलांच्या बाबतीतच यंत्रणेचे पाय जड का होतात? मुलांना मत नसतं, हे उत्तर मला ठाऊक आहे. ते आपल्या तोंडून ऐकायची इच्छा नाही.

दुसरी तक्रार पाळणाघराची. पूर्वी राजीव गांधींच्या नावानं पाळणाघर योजना होती, संस्था चालवायच्या, कशीबशी का होईना चालायची. मग अनुदानं थकली आणि आमच्याकडची बंद पडली. २०२२ पासून केंद्राच्या मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आली, अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची. कल्पना उत्तम. आमच्या तालुक्यात मला अजून एकही दिसलेलं नाही. शेतमजूर बाईचा दिवस आणि अंगणवाडीचा दिवस यांत पाच-सहा तासांची फट आहे. लहान मुलं भाजतात, विहिरीत पडतात, कुणाच्यातरी हाती लागतात, ती बरीचशी याच फटीत. मोठ्या बहिणींच्या शाळा सुटतात त्याही याच फटीपायी.

तिसरी तक्रार ऊसतोडीची, आणि ती मला सविस्तर सांगायची आहे, कारण मंत्रालयातून ती मजुरीचा प्रश्न म्हणून दिसते आणि आमच्या गावातून मुलांचा.

दिवाळी झाली की गावं रिकामी होतात. मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते ती नवराबायकोच्या जोडीवर. त्या जोडीला कोयता म्हणतात. एकट्या माणसाला उचल कमी, जोडीला पूर्ण. म्हणजे आई घरी थांबली तर हिशेबच मोडतो. मग तान्ही आणि शाळेत न जाणारी मुलं बरोबर जातात, पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, आणि शाळेची मुलं आजीजवळ राहतात. बरोबर गेलेल्या मुलाचा दिवस मी कारखान्यावर जाऊन पाहिलाय. फडाच्या कडेला पाचटावर गोधडी टाकून त्याला निजवतात. गाडी भरायची वेळ मध्यरात्रीनंतरचीही असते. तेव्हा आईबाप मोळ्या वाहतात आणि मूल कोपीत, म्हणजे तळावरच्या झोपडीत, एकटं, दाराला पोतं. कोपीला कडी नसते. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची ये-जा रात्रभर चालू असते. गावाकडे त्या मुलाचं नाव अंगणवाडीच्या यादीत ‘स्थलांतरित’ म्हणून लागलेलं असतं. कारखान्याजवळच्या अंगणवाडीत ते बहुधा लागतच नाही, कारण तिथल्या सेविकेचा कोटा तिच्या गावापुरता.

मागे राहिलेल्या मुलांचं वेगळंच. आजीला दिसत नाही, आजोबांना ऐकू येत नाही, आणि घरात तेरा-चौदा वर्षांची मुलगी. आईचा जीव तिकडे फडात टांगलेला. गावात आमच्याकडे सरळ म्हणतात, ‘पोरगी म्हणजे विस्तव, कुणाच्या भरवशावर ठेवायची?’ म्हणून मग दिवाळीच्या आधीच तिचं लग्न उरकतात. नवऱ्यामुलाकडच्यांचंही गणित जुळतं, कारण लग्न झालं की नवी जोडी, नवा कोयता, नवी उचल. बालविवाहाला आपण अज्ञान म्हणतो, पोस्टर लावतो. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९ ते २०२१ च्या, वीस ते चोवीस वयाच्या स्त्रियांपैकी अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण राज्यात २१.९ टक्के निघालं, बीडमध्ये ४३.७ आणि परभणीत ४८. या आईबापांना कायदा ठाऊक आहे. अंगणवाडीत कितीदा तरी ऐकलेला असतो. मुलगी सहा महिने ठेवायची कुठे, याचं उत्तर कायद्यात नाही, एवढंच.

वसतिगृहं काढली, हे मी नाकारत नाही. २०२१ मध्ये संत भगवानबाबांच्या नावानं ४१ तालुक्यांसाठी ८२ वसतिगृहं जाहीर झाली. शाळा व्यवस्थापन समित्यांमार्फत हंगामी वसतिगृहंही चालतात. पण हंगामी वसतिगृहाची मंजुरी बऱ्याचदा टोळ्या निघून गेल्यावर येते. तोवर मुलं एकतर फडावर पोहोचलेली असतात किंवा मुलगी सासरी. आणि प्रत्येक घराला वसतिगृहच लागतं असंही नाही. काही घरांत आजी धडधाकट असते, चुलती मायाळू असते. त्या आजीला हंगामापुरता शिधा, थोडे पैसे आणि आठवड्याला दारात येऊन चौकशी करणारं एक माणूस मिळालं तर मूल स्वतःच्या अंथरुणावर झोपेल. आमच्याकडे असा अर्ज नेला तर ‘आईबाप जिवंत आहेत ना?’ असं विचारून परत करतात. जिवंत आहेत हो, दोन-चारशे किलोमीटरवर जिवंत आहेत.

चौथी तक्रार माझ्या सेविका-मदतनिसांच्या वतीनं. घर सावरायचं काम गावपातळीवर करू शकेल असं एकच माणूस सरकारकडे आहे, ती अंगणवाडी सेविका. तिला कोणत्या घरात दारू आहे, कोणती सून माहेरी गेली, कोणतं पोर अंगावर वळ घेऊन येतं, हे कुणी न सांगता कळतं. तिची गृहभेट हे खात्याचं खरं भांडवल. आता ती गृहभेटीला निघते ती मोबाइल हातात धरून. पोषण ट्रॅकर नावाचं ॲप, वजन-उंचीच्या नोंदी, आणि आता शिधा देण्याआधी लाभार्थी बाईचा चेहरा कॅमेऱ्यात जुळवणं. चेहरा जुळेपर्यंत बाईच्या डोळ्याखाली काळंनिळं दिसलं तरी त्याला भरायला रकाना नाही. ‘आरंभ’सारखा चांगला कार्यक्रम याच खात्यानं आणला, तीन वर्षांच्या आतल्या मुलांशी कसं बोलावं, कसं खेळावं हे आईबापांना शिकवणारा. त्याचे पालक मेळावे मी घेतले आहेत, बायका हसत-खेळत शिकतात. पण मेळावा सकाळी अकराला ठेवला की बाप एक येत नाही. एका गावात सेविकेनं रात्री आठला देवळात ठेवला, तर पारावरचे सगळे बाप उठून आले आणि एक जण म्हणाला, ‘मारल्याशिवाय पोर ऐकतं कसं ते दाखवा बरं.’ तो प्रश्न प्रामाणिक होता. दोन तास त्यावरच गेले. मात्र रात्रीच्या मेळाव्याचा फोटो ॲपवर त्या दिवशीच्या वेळेत बसला नाही.

पाचवी, ग्राम बाल संरक्षण समिती. सरपंच अध्यक्ष, सेविका सदस्य सचिव. रजिस्टर आहे, सह्या आहेत, बहुतेक गावांत त्यापलीकडे काही नाही.

दारूबद्दल वेगळं काय लिहू? बायकांनी मतदान करून बाटली आडवी करायची तरतूद या राज्यात आहे. आडवी झालेली बाटली शेजारच्या गावात उभीच असते, आणि व्यसन सोडवायला जायचं केंद्र आमच्यापासून तीन तासांवर.

आता एक शंका माझ्याच बाजूच्या लोकांना येईल, तिचं उत्तर इथेच देते. ‘कुटुंबाला बळ द्या’ म्हणजे ‘घरातलं घरात मिटवा’ असा अर्थ कुणी काढू नये. तो अर्थ काढणारे मी नोकरीत भरपूर पाहिले. गावचे प्रतिष्ठित, नातेवाईक, कधीकधी आमच्यातलेच. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयानं २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून केलेला अभ्यास आहे. त्यात निम्म्याहून जास्त मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं, आणि छळणाऱ्यांत ओळखीची, विश्वासाची माणसं मोठ्या प्रमाणात होती. मार खाणारी मुलं तर तिघांत दोन, आणि घरी मारणारे बहुतेक आईबापच. घर हे पवित्र ठिकाण आहे असं समजून मी हे पत्र लिहीत नाही. जिथे लैंगिक अत्याचार आहे तिथे २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे कळवायलाच हवं, त्यात तडजोड नाही. फक्त तिथेही एक उलटा न्याय चालतो. आरोपी चुलता घरी राहतो आणि पोरगी बालगृहात जाते. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्यात छळणाऱ्याला सामायिक घरातून बाहेर काढायचा आदेश मागता येतो. आपले संरक्षण अधिकारी तो किती वेळा मागतात, याचा जिल्हावार आकडा प्रसिद्ध करा.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर जो अत्याचार झाला त्यानंतर शाळाशाळांत सीसीटीव्हीचे आदेश निघाले. लावा, जरूर लावा. पण कॅमेरा झालेलं दाखवतो, आणि कोपीत तर कॅमेराही नाही. ज्या घरात आई दमून पडलेली नाही, ज्या मुलाला संध्याकाळी ‘आज काय झालं?’ असं विचारणारं कुणी आहे, त्या मुलाला हात लावायला नराधमही दोनदा विचार करतो. हा माझा अंदाज नव्हे, वर्षानुवर्षं गावागावांतल्या ओसऱ्यांवर बसून पाहिलेलं आहे.

तर मागण्या अशा.

बालसंगोपनाचे पैसे दर महिन्याच्या दहा तारखेच्या आत, लाडक्या बहिणींना जातात तसे थेट खात्यात जावेत. उशीर झाला तर कोणत्या टेबलावर झाला ते अर्जदार बाईला मोबाइलवर मराठीत कळावं. घरासमोरच्या फोटोची अट रद्द करावी. नावातल्या काना-मात्रा-वेलांटीच्या फरकासाठी सेविका आणि ग्रामसेवक यांचा संयुक्त दाखला पुरेसा धरावा. राज्याची योजना आणि मिशन वात्सल्य यांना एकच अर्ज असावा; कोणत्या डब्यात घालायचा ते खात्यानं ठरवावं, विधवेनं नव्हे.

बाल कल्याण समितीला कायद्यानं महिन्यात किमान वीस दिवस बसायचं असतं. त्यातले निदान चार दिवस तिनं तालुक्याच्या ठिकाणी बसावं. आणि कोणत्याही मुलाला संस्थेत पाठवण्याच्या आदेशात एक परिच्छेद सक्तीचा करावा : या घराला याआधी कोणती मदत देऊ केली, कोणत्या तारखेला, आणि ती का पुरली नाही. तो परिच्छेद कोरा असेल तर, मूल घरी धोक्यात असल्याखेरीज, आदेश निघू नये. बाल न्याय कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनं जिल्हाधिकाऱ्यांकडे देखरेख दिलेली आहेच, त्यांनी दर तीन महिन्यांनी हे आदेश तपासावेत. भावंडं वेगळी करायची वेळ आली तर त्याचं कारण लेखी द्यावं. मूल घरी परत पाठवलं तर वर्षभर घराची पाठराखण व्हावी. आज मुलाला एसटी स्टँडवर आईच्या ताब्यात देऊन फाइल बंद होते.

प्रत्येक तालुक्यात घरोघरी जाणारी किमान दोन समाजकार्यकर्ती माणसं नेमावीत, नियमित पगारावर. जिल्हा बाल संरक्षण कक्षातल्या कंत्राटी मुलामुलींना स्वतःचं मानधन वेळेवर मिळत नसेल तर ती दुसऱ्याचं घर काय सावरतील?

पाळणाघर आधी तिथे द्या जिथे बायका मजुरीला जातात : कापसाच्या पट्ट्यात, वीटभट्ट्यांवर आणि साखर कारखान्यांवर. कारखान्यांच्या टनामागे ऊसतोड कल्याण महामंडळासाठी पैसे घ्यायचं ठरलेलंच आहे. त्यातून प्रत्येक कारखान्याच्या तळावर रात्रीही उघडं असणारं एक पाळणाघर चालावं, आणि त्याशिवाय गाळप परवाना देऊ नये, असं आपण सहकार विभागाला आणि साखर आयुक्तांना लेखी सांगावं. आजीजवळ राहणाऱ्या मुलांसाठी हंगामापुरतं साहाय्य सुरू करावं. हंगामी वसतिगृहांची मंजुरी टोळ्या निघायच्या आधी, सप्टेंबरअखेर हातात पडावी.

सेविकांच्या मोबाइलमधली निम्मी कामं काढून घ्या, आणि गृहभेटीत पोषणाइतकंच घरातल्या माणसांशी बोलायला वेळ द्या. पालक मेळावे संध्याकाळी घ्यायची परवानगी आणि त्याचा भत्ता द्या.

यातल्या बऱ्याच गोष्टींना नवा कायदा लागत नाही, शासन निर्णय पुरेल. काहींना तोही नको, एक परिपत्रक बस्स.

ज्या घरापासून हे पत्र सुरू केलं त्यातली आई आता मुलं परत मिळावीत म्हणून अर्ज करते आहे. तिला सांगितलंय की मुलांना सांभाळायची व्यवस्था काय केली ते लिहून आण. ती माझ्याकडे आली होती. त्या रकान्यात काय लिहायचं, ते आता आपणच आम्हाला कळवावं. साखर कारखान्यांचे बॉयलर पेटायच्या आत कळवलंत तर बरं, कारण तिची धाकटी जाऊ तिला यंदा टोळीबरोबर चल म्हणते आहे.

कळावे,
आपली,
एक निवृत्त मुख्यसेविका

प्रत माहितीसाठी : तालुक्यातल्या सर्व ग्रामपंचायतींचे सूचना फलक.